बर्फाला घाम येईपर्यंत

मला नोकरीत मार बसलेला आहे, आणि तोही एकदाच नाही. लोकांना वाटतं, सरकारी औषधभांडाराची प्रमुख म्हणजे पंख्याखाली बसून सह्या ठोकणारी बाई. आता मी रिटायर होऊन देवासलाच राहते. भांडारात नव्याने लागलेल्या पोरी अधूनमधून घरी येतात, चहा पितात आणि विचारतात, काकू, ह्या लाइनीत वर जायचं तर काय शिकायला हवं? मी सांगते, खरेदीचे नियम शिका, कंप्युटर तुम्हाला येतोच, आणि दारात उभं राहायला शिका. त्या हसतात. मी हसण्यावारी सांगत नसते. माझं डावं मनगट अजून पूर्ण वळत नाही, भाकरी थापताना कळतं.

आम्ही माळव्यातल्या धारचे मराठी. आमचे पूर्वज राजांच्या लवाजम्याबरोबर आले म्हणतात. तिथे ते काय करायचे हे मात्र घरात कोणी नीट सांगत नाही, म्हणजे घोड्यांना खरारा करत असणार. घरात वन्सं, मामंजी, भाऊजी, आणि उंबरा ओलांडला की सगळे भिया, म्हणजे भैया. आमचे हे धारच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. कावीळ होऊन गेले. त्यांच्या जागी अनुकंपा म्हणून मला घेतलं, ते बाटल्या धुवायला आणि खोकी हलवायला. मी मॅट्रिक झालेली. इंग्रजी शिकले ती खोक्यांवरची वाचून, त्यामुळे आजही मला इंग्रजीत औषधांची नावं आणि ‘ह्या बाजूने वर’ एवढंच झकास येतं. खोक्यांवरून क्लार्क झाले, मग भांडारपाल, आणि शेवटी देवासच्या भांडाराची प्रमुख. तेवढ्यात केस पांढरे झाले.

पहिला मार धारलाच खाल्ला. सलाइनचा ट्रक आला होता आणि बाटल्यांत कापसाच्या तंतूसारखं काहीतरी तरंगत होतं. मी माल उतरवून घ्यायला नकार दिला. ट्रकबरोबर पुरवठादाराचा माणूस होता, तोंडात पान ठेवून बोलणारा. आधी दीदी म्हणाला, मग मैडम, मग जे म्हणाला ते मी लिहीत नाही. मी पाठ फिरवली तर त्याने माझा अंबाडा धरून मला ट्रकच्या फाळक्यावर आपटलं. भुवई फुटली. आमच्या हमालाने मध्ये हात घातला, तर त्या माणसाने फाळका त्याच्या बोटांवर सोडला. बोटं चेचली, ती पुन्हा काही सरळ झाली नाहीत. ट्रक मात्र भरलेलाच परत गेला. तेव्हाचे साहेब मला म्हणाले की अशा वेळी जरा गोडीगुलाबीने घ्यायचं असतं. मी म्हटलं, पुढच्या ट्रकला तुम्ही उभे राहा. ते काही राहिले नाहीत.

पण मला सांगायचंय ते देवासचं.

आमच्या कामात लोकांना दिसत नाही अशी एकच हुशारी असते, आणि ती म्हणजे मागणी कधी घालायची ते कळणं. दर वर ठरतात, कंपन्या वर ठरतात, आपल्या हातात एवढंच की कपाट रिकामं होण्याआधी मागायचं. मी नेहमी आधी मागायची आणि थोडं हातचं राखून ठेवायची. त्यावरून बोलणी खाल्लीत, माल अडवून ठेवते म्हणून. त्या वर्षी कुत्र्याच्या चाव्यावरच्या सीरमचा पुरवठाच अडकला. कंपनीचा माल तपासणीत नापास झाला, दुसरी कंपनी ठरेपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांतली कपाटं ओस पडली. हे सीरम म्हणजे रोजची सुई नव्हे. रोजची सुई, म्हणजे लस, दंडात देतात, ती शरीराला लढायला शिकवते, पण शिकायला दिवस लागतात. जखम खोल असेल, आणि त्यातून तोंडावर असेल, तर तेवढे दिवस नसतात. तेव्हा घोड्याच्या रक्तातून काढलेलं हे सीरम थेट जखमेतच टोचावं लागतं, आणि ते थंड ठेवावं लागतं. थंड म्हणजे किती, ते पुढे येईलच. माझ्याकडे फ्रीजच्या तळाशी थोड्या शिशा उरल्या होत्या.

वैशाखातली दुपार होती, लगीनसराईची. धारच्या दवाखान्यातून एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी धारला असल्यापासून ती मला काकू म्हणते. घरची मराठीच, पण शाळा हिंदी झाली, म्हणून बोलणं अर्धं तिकडे, अर्धं इकडे. अमझेऱ्याच्या बाजूला लग्नाच्या मांडवामागे पिसाळलेला कुत्रा घुसला होता आणि त्याने माणसं फाडली होती. बाकीच्यांचं पायावर, हातावर होतं. एक लहान मुलगी होती, तिचा गाल आणि ओठ.

“काकू, बच्ची का पूरा गाल खुला है, आतले दात दिसतायत,” ती म्हणाली. “सीरम आमच्याकडे निल आहे, इंदूरलापण निल. तुमच्याकडे असेल तर घरवाले निघालेत घ्यायला. मी चिठ्ठी दिलीय.”

मी म्हटलं आहे, आणि येऊ दे. मुलीला हलवण्यासारखं नव्हतं, रक्त थांबत नव्हतं. औषधानेच तिच्याकडे जायचं होतं.

ते पिकअप गाडी घेऊन आले. मुलीचा बाप, त्याचा थोरला भाऊ आणि गावातली आणखी माणसं. दोघे भाऊ कुल्फीवाले. लग्नाकार्यात कुल्फी पुरवायचा त्यांचा धंदा, त्या दिवशीही तेच काम होतं, आणि मुलगी बापाबरोबर मांडवात गेली होती. बाप सडपातळ, त्याच्या बनियनवर पोरीचं रक्त वाळून काळं झालेलं. थोरला आडवातिडवा, मिशीवाला. गाडीच्या मागे त्यांची कुल्फीची लाकडी पेटी होती, आतून पत्रा मारलेली. थोरल्याने झाकण उघडून मला दाखवली. ठेचलेला बर्फ आणि त्यात भरपूर मीठ. म्हणाला, आमच्यासारखं थंड कोणी ठेवू शकत नाही मैडम, ह्यात घाला, धारला पोचेपर्यंत दगड राहील.

मी म्हटलं, भिया, तेच नकोय. हे औषध थंड लागतं पण गोठलेलं चालत नाही. गोठलं की मेलं. त्याने मान हलवली, पण ती कशी, दुकानदार गिऱ्हाइकाचं ऐकून घेतो ना, तशी.

आता आमची पद्धत सांगते, कारण सगळं त्यावरूनच झालं. आमच्याकडे प्लास्टिकच्या चपट्या डब्या असतात, पाणी भरून फ्रीजरमध्ये कडक गोठवलेल्या. त्या काढल्या काढल्या औषधाभोवती लावायच्या नाहीत, कारण त्या वेळी त्या इतक्या थंड असतात की शेजारची शिशी गोठवतील. टेबलावर ओळीने मांडून ठेवायच्या आणि थांबायचं. आधी त्यांच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. मग ते जातं आणि डबीला घाम येतो. मग डबी कानाशी धरून हलवायची. आत पाणी खळखळलं की ती शहाणी झाली. मग खोक्याच्या चारी बाजूंना लावायची, मध्ये शिशा. त्याला घाई चालत नाही.

मी डब्या टेबलावर मांडल्या आणि खुर्चीवर बसले. खरंच दुसरं काही करायचं नव्हतं.

आता त्यांच्या बाजूने बघा. पोरीचा गाल फाटलाय. हे लोक उन्हातून तेवढ्या लांबून आलेत. आणि समोर एक म्हातारी बाई प्लास्टिकच्या डब्या टेबलावर मांडून त्यांच्याकडे बघत बसलीय. जन्मभर ते ज्या ज्या खिडकीपुढे उभे राहिले, तिथे त्यांना असंच बसवून ठेवलेलं, आणि का बसवतात हे त्यांना पक्कं ठाऊक. थोरला वाकून हळूच म्हणाला, मैडम, जो भी खर्चा-पानी हो, बोल दो. मी म्हटलं, खर्चापाणी काही नाही, बर्फाला घाम येऊ दे. त्याने मागे बघून आपल्या माणसांना हे सांगितलं, आणि त्यांच्यातला एक जण असा हसला की मला आवडलं नाही. म्हणाला, पहली बार सुना, बरफ को भी छुट्टी चाहिए.

आमचा गार्ड दारात होता. हाटपिपल्याचा, तरुणपणी कुस्ती केलेला, मला आईजी म्हणायचा. त्याने काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

तेवढ्यात बापाचा फोन वाजला. धारहून त्याची बायको होती. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पांढरा होत गेला. फोन कानाशी तसाच ठेवून तो माझ्याकडे वळला.

“बाई,” तो म्हणाला, “म्हारी छोरी पाणी नी पी री.”

पिसाळलेल्या कुत्र्याचं विष चढलं की माणूस पाण्याला घाबरतं आणि मग ते वाचत नाही, हे आमच्या मुलखात लहान पोरालाही माहीत असतं. मी सांगायला तोंड उघडलं की अरे, तिचा ओठ फाटलाय, ती कशी पिणार पाणी, विष असं एका दुपारी चढत नाही. पण ऐकायला तो तिथे नव्हताच. त्याने टेबलाला लाथ घातली. डब्या भिंतीवर आदळल्या. गार्डने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर काठी घातली, जोरात घातली, मी नाही म्हणणार नाही. हाडाचा आवाज झाला. आणि मग थोरला उठला.

मी मारामाऱ्या पाहिल्यात, पण अशी नाही. थोरल्याने गार्डला मानेला धरलं आणि त्याचं तोंड लोखंडी रॅकच्या कडेवर हाणलं. परत उचललं आणि परत हाणलं. गार्डचे दात फरशीवर पडले, मला ते खडूच्या तुकड्यांसारखे दिसले. रॅक कलंडला, वरची खोकी फुटली, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांचा लाल चिकट लोट सगळीकडे पसरला आणि त्यात रक्त कुठलं ते कळेना. माझे दोघे कारकून मागच्या दाराने पळाले. मी फ्रीजकडे गेले. वरून झाकण उघडतं तसलं मोठं फ्रीज, त्याच्यापुढे मी आडवी उभी राहिले. गावातल्या एकाने मला बाजूला ढकललं. मी परत आले आणि फ्रीजच्या काठाला हात घातला. थोरल्याने आतून शिशांचा ट्रे उचलला आणि झाकण खाली सोडलं. सोडलं म्हणजे दाबून आपटलं. माझा हात आत होता.

दुखणं लगेच नाही आलं. आधी फक्त मला कळलं की हात जिथे वळतो त्याच्या जरा वर वळलेला आहे.

शिशा घेऊन ते पळाले, वाटेत काही पडून फुटल्या. बाहेर गाडीच्या मागे त्यांची पेटी उघडीच होती. मी दारातून बघतेय आणि थोरला एकेक शिशी त्या मीठ घातलेल्या बर्फात खुपसतोय, अगदी प्रेमाने, वरून बर्फ दाबून, जसे कुल्फीचे साचे खुपसतात तशी. त्याला खरंच वाटत होतं की तो औषध वाचवतोय. ज्या औषधासाठी त्याने माणसाचं तोंड फोडलं, ते तो आपल्या हाताने मारत होता.

मी धावले. माझ्या वयाची बाई कशी धावते तशीच, पदर सुटलेला, हात लोंबतोय. गाडी सुरू झाली होती. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. बाप चालवत होता, एका हाताने, कारण दुसरा खांदा गेला होता. गाडीचा दांडा माझ्या गुडघ्याला लागला आणि मी बॉनेटवर पडले, पण हटले नाही. थोरला ओरडला, हाकल गाडी. बापाने काचेतून माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला विचारलं, “तू कुल्फीवाला आहेस ना? मिठाच्या बर्फात दूध घातलं तर काय होतं?”

त्याने मागच्या पेटीकडे मान वळवली.

“जमतं. हेही जमेल. जमलेलं सीरम म्हणजे नुसतं पाणी. ते पोरीच्या गालात टोचा, आणि मग घरी घेऊन जा तिला.”

थोरला म्हणाला, झूठ बोलती है, टाइम खराब कर री है. पण बाप खाली उतरला. तो मागे गेला, पेटीत हात घातला आणि एक शिशी वर काढली. काचेवर पांढरं धुकं धरलं होतं. त्याने ती उन्हात धरली. धंद्याचा माणूस, जमायला लागलेलं त्याला कळतं. खालच्या बाजूला सुयांसारखं काहीतरी तयार होत होतं. त्याने शिशी माझ्या हातात दिली, पेटीतला बर्फ फोडायचा लोखंडी टोच्या उचलला आणि आपल्या सख्ख्या भावाच्या डोक्यात घातला. भावाला तो टोकाने नाही, दांड्याने लागला, नाहीतर तिथेच संपला असता. तो खाली बसला, कानावरून रक्त आलं, आणि तो बसल्या जागी भावाला म्हणाला, मला काय माहीत, मला काय माहीत.

मी बापाला पेटीतल्या सगळ्या शिशा काढायला लावल्या. त्याच्या उपरण्यावर मांडल्या. एकेक तिरकी करून बघितली. तळाला होत्या त्या गेल्या होत्या. वरवर खुपसलेल्या होत्या त्यांत अजून सगळं सुटं, स्वच्छ हलत होतं. गोठायला सुरुवात झालेली एकही नको, असं मी मनात धरलं, आणि जिच्याबद्दल शंका आली तीही बाजूला फेकली. उरल्या त्या मोजक्याच. लहान मुलीला औषध वजनावर लागतं, तिला पुरतील एवढ्या होत्या. पायाला चावलेल्या बाकीच्यांना त्यातून काही मिळणार नव्हतं. त्यांच्यासाठी मला दुसरीकडे फोन करायला लागणार होते, आणि ते मी गाडीतून केले, उज्जैनपर्यंत.

फरशीवर विखुरलेल्या डब्यांना एव्हाना घाम आला होता. खोकल्याच्या औषधातून त्या उचलल्या, कानाशी धरल्या, आणि खोकं भरलं. बापाने माझ्या हाताला पुठ्ठा लावून आपलं उपरणं गुंडाळलं. त्याच्या हाताला ते नीट येत नव्हतं, आणि मी त्याला चार शब्द सुनावलेही.

आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या दवाखान्याची माणसं आवारात धावत येत होती. ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, वॉर्डबॉय, मागच्या दाराने पळालेले माझे दोघे कारकूनसुद्धा, आता हातात सळया घेऊन. गार्डला स्ट्रेचरवर घातलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. गावातली माणसं फाटकावरून उड्या मारून पळाली, थोरल्याला पळता येत नव्हतं. त्यांनी त्याला फाटकाच्या खांबाशी गाठलं. मी आरशातून बघितलं, सळई वर जाताना दिसत होती. बापानेही बघितलं. गाडीचा वेग क्षणभर कमी झाला.

मी म्हटलं, धार.

त्याने गाडी हाणली. मीही मागे वळले नाही. लोक नंतर मला म्हणाले की तुम्ही एक शब्द बोलला असता तर त्याचे पाय वाचले असते. असेल. माझ्या मांडीवर खोकं होतं.

तो रस्ता मी आयुष्यभर जाते-येते आहे, पण असा कधीच केला नाही. गाडीत एसी कुठला, बाहेर झळा. मी खोक्यावर माझा पदर भिजवून घातला होता. बाप रडत नव्हता, तो एकाच सुरात काहीतरी पुटपुटत होता, मला वाटलं देवाचं नाव असेल. नीट ऐकलं तर भावाला शिव्या होत्या. इंदूरच्या बायपासला एका ट्रकने आम्हाला दाबलं. बापाने गाडी त्याच्यापुढे आडवी घातली, टोच्या घेऊन उतरला आणि ट्रकची काच फोडली. ड्रायव्हर आतून पाना घेऊन उतरला. दोघे भर उन्हात रस्त्यावर एकमेकांपुढे उभे, आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. मला उतरताही येत नव्हतं, हात आणि मांडी अडकलेली.

मी खिडकीतून ओरडले, “अरे, मारामारी करायला जन्म पडलाय. पोरगी आधी.”

तो ट्रकवाला पंजाबी होता की कुठला, त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे, बापाच्या बनियनकडे. पाना खाली केला आणि आपला ट्रक मागे घेतला.

धारच्या दवाखान्याच्या फाटकातच पोलीस उभे होते. देवासहून निरोप गेलेला. गाडी थांबण्याआधीच एकाने खिडकीतून हात घालून बापाची कॉलर धरली, त्याला बाहेर ओढलं आणि दोन कानशिलात दिल्या. तिसरी उगारलेली असताना मी हवालदाराला सांगितलं की मला आधी आत न्या, हे खोकं मी कोणाच्या हातात देणार नाही. त्याने माझा अवतार पाहिला आणि रस्ता मोकळा केला.

डॉक्टरीणबाईंनी खोकं उघडलं, शिशीला हात लावला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, गोठलेलं नाही, एकेक बघून आणलंय. तिने लगेच सुई भरली.

मुलगी पलंगावर होती. मी तिचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगते की तिचा चेहरा एका बाजूने सुंदर होता. सीरम फाटलेल्या मांसाच्या कडेकडेने टोचायचं असतं, गालात, ओठात, हिरडीजवळ, सगळीकडे. तिथे बधिर करायला पुरेशी जागाही नसते. पहिली सुई लागली तशी ती अशी उसळली की दोन नर्सा बाजूला फेकल्या गेल्या. आईने पाय धरले होते. डोकं धरायला कोणीतरी बळकट हवं होतं, आणि डोकं एक इंचही हललं तर सुई डोळ्यात.

“बाप को लाओ,” डॉक्टरीण म्हणाली.

हवालदाराने त्याला आणला, एक हात धरूनच. मुलीने बापाला पाहिलं आणि तिचं अंग एकदम ढिलं पडलं. तिला वाटलं, बाप आपल्याला सोडवायला आला. त्याने मोडक्या खांद्याचा हात तिच्या कपाळावर ठेवला, दुसरा हनुवटीखाली, आणि तिचं डोकं उशीत दाबलं. दुसरी सुई आत गेली. ती किंचाळली नाही, ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं मला माझ्या हातापेक्षा जास्त लागलं. मग किंचाळली. बाप डोळे मिटून दाबत राहिला. त्याचा खांदा कटकट वाजत होता. मी उजव्या हाताने शिशा एकेक करून पुढे सरकवत होते, डॉक्टरीण टोचत होती, आणि शेवटची रिकामी झाली तेव्हा तिने सुई ट्रेमध्ये टाकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

बाहेर बाकड्यावर मला बसवलं. हाडाचे डॉक्टर यायचे होते. हवालदार कागद घेऊन आला, पण लिहायला घेईना. मैडम, बाप आहे, तो म्हणाला. ज्याच्या पोरीला असं झालं त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. जाने दो ना. वॉर्डातली माणसं दाराशी जमली होती. मुलीची आई माझ्या पायाशी बसली. सगळे माझ्याकडे अशा तोंडाने बघत होते की आता ही म्हातारी आई होईल आणि माफ करेल.

मला तो माणूस वाईट वाटत नव्हता, खरं सांगते. पण देवासहून फोन आला होता. गार्डचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, त्याला नळीने दूध देत होते. त्याच्या घरीही बायकापोरं आहेत, आणि भांडाराच्या दारात उद्या दुसरा कोणीतरी उभा राहणार होता.

मी म्हटलं, “लिहा. जसं झालं तसं लिहा. गार्डने काठी आधी उगारली तेही लिहा, आणि माझा हात कोणी दाबला तेही.”

बाप हवालदाराच्या शेजारी उभा होता. तो माझ्याकडे रागाने बघेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, लिखो बाई, सब लिखो, और मला एवढं सांगा की छोरीची पुढची सुई कधी. सीरमनंतरही दंडातल्या सुया राहतातच, ठरलेल्या दिवशीच घ्याव्या लागतात, चुकवून चालत नाही. मी त्याला सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण त्या दिवशी तो कोठडीत असणार होता. मग मी त्याच्या बायकोला पायाशी बसलेली वर उठवलं, बाकड्यावर शेजारी घेतलं आणि तिला सांगितलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणून वार सांगितले, आणि त्या त्या वारी आमच्या गावाकडे काय असतं, कुठला बाजार भरतो, ते जोडून सांगितलं. ती माझ्यामागून म्हणत गेली. एकदा चुकली, तेव्हा हवालदाराशेजारून बापाने तिला दुरुस्त केलं.

ती बाई सगळ्या सुयांना आली, एकटी, मुलीला कडेवर घेऊन. मी धारला फोन करून विचारत असे आणि त्या सुया कपाटात आहेत की नाही तेही बघत असे. मुलगी जगली. तिच्या गालावर खड्डा आहे. थोरला आता काठीने चालतो आणि दोघा भावांवरची केस अजून चालूच आहे. साक्षीला बोलावतात तेव्हा मी जाते आणि तेच सांगते.